साजाचं पान आणि वेताळाची अट

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मुलीनं पुस्तक परत करताना आत चिठ्ठी ठेवली. शिवाजी विद्यापीठात एम.ए. करणारी मुलगी आहे. चिठ्ठीत लिहिलं होतं: “मॅडम, या पावसात तुम्ही काय वाचताय? मला रहस्यकथा आवडतात, पण उत्तर कळलं की सगळं रिकामं वाटतं. अद्भुतकथेत तर काहीही घडू शकतं, मग काळजी कशाची करायची? यातली चांगली छोटी कथा ओळखायची कशी? मी स्वतः एक लिहिली आहे, सोबत ठेवते.” सोबत फुलस्केपची अकरा पानं. कथा कोल्हापुरी साजाची आहे. घरात कुणी खोटं बोललं की साजातलं एक पान, म्हणजे त्यातला एक नक्षीदार तुकडा, गळतं आणि पुन्हा सापडत नाही.

चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडलेला आहे, म्हणून मुली, तुला सविस्तर लिहिते. ज्या परदेशी कथांचे शेवट पुढे सांगणार आहे त्या सगळ्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत, तरी एखादी तू वाचली नसशील तर आधी वाच आणि मग इथं ये.

मी २८ वर्षं वाचनालयाच्या काउंटरवर बसते. आमच्या कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. त्याच्यापुढे आमचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि एक पोटमाळा. दिवाळी झाली की अंकांची योजना लागते. वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक वाचायचे. त्यात ‘नवल’, ‘धनंजय’ असे रहस्याला आणि गूढाला वाहिलेले अंक कपाटात टिकतच नाहीत. गेली बारा-तेरा वर्षं मी दिवाळी अंकांसाठी आलेल्या अशा कथा वाचून निवडण्याचं कामही करते. म्हणजे छापलेल्या वाचते त्याहून जास्त न छापलेल्या वाचते.

रहस्यकथांच्या पुस्तकात एक खोडसाळपणा ठरलेला असतो. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवतं, ‘खुनी : डॉक्टर’. मी खोडरबर घेऊन ते पुसते. पण पुसायचं राहून गेलेली पुस्तकंही लोक नेतात आणि पूर्ण वाचून परत आणतात. एका जुन्या संग्रहाची शेवटची सहा पानं कुणीतरी फाडून नेली. मी आत चिठ्ठी डकवली की शेवट नाही. तरी तो संग्रह बाहेर जात राहिला. आमच्याकडे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर यायचे. त्यांनी तो हातात घेतला, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “बाई, शेवट सांगू नका. माणूस वाचतो का तेवढं सांगा.”

तो प्रश्न मी विसरलेले नाही. खून कुणी केला हे त्यांना नको होतं. कुणाचं काय गेलं, हे हवं होतं. तेव्हापासून रहस्यकथा असो की अद्भुतकथा, मी एकच गोष्ट बघते: जे कळलं किंवा जे मिळालं, त्याची किंमत कुणी दिली? रहस्यकथेत उत्तर मिळतं, अद्भुतकथेत वर मिळतो, जादू मिळते, दार उघडतं. फुकट मिळालं असेल तर कथा वाचून झाल्यावर हात रिकामाच राहणार. तुला जे रिकामं वाटतं ते बहुतेक याच कारणानं.

आता ‘काहीही घडू शकतं’ या तुझ्या तक्रारीकडे येते. जुलैत कोल्हापुरात कुणालाही विचार, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पाणी ३९ च्या बरंच खाली असलं की कुणी विषय काढत नाही. ४३ ओलांडलं की विषय काढायला वेळ नसतो, धान्याची पोती माळ्यावर चढवायची असतात. माणसं रात्रभर मोबाइल बघत जागतात ती या मधल्या चार फुटांत. पाणी कितीही चढू शकतं हे सगळ्यांना माहीत असतं. तरी काळजी वाटते, कारण आकडा आधी सांगितलेला असतो. ज्या अद्भुतकथेत तुला काळजी वाटत नाही, तिनं तुला आकडाच सांगितलेला नाही.

आकडा कसा सांगावा हे शिकायचं तर वेताळाकडून. या जूनमध्ये मी वेताळपंचविशी पुन्हा सलग वाचली. लहानपणी ती आजीकडून ऐकली होती. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशी ती “मी सांगतो, तू ऐक” म्हणून सुरू करायची. तेव्हा मला फक्त खांद्यावरच्या प्रेताची भीती वाटायची. या वेळी अट दिसली. वेताळ राजाला म्हणतो, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. पण बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे गप्प राहावं तर जीव जातो आणि बोलावं तर सगळी रात्रभराची पायपीट वाया जाते. अट पहिल्याच खेपेला सांगितलेली आहे, आणि शेवटपर्यंत ती एकदाही मोडत नाही.

रहस्यकथेच्या शिस्तीबद्दल बोलताना रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूचे १९२९ सालचे दहा नियम नेहमी निघतात. त्यातला दुसरा नियम असा की दैवी किंवा अमानवी शक्ती कथेत आणायच्याच नाहीत. कारण रास्त आहे: वाचकाची फसवणूक होऊ नये. या नियमानं वेताळ पहिल्या पानावरच बाद होतो. पण मला विचारशील तर वेताळाइतका सचोटीचा रहस्यकथाकार दुसरा नाही. तो सगळी हकीकत सांगतो, काही दडवत नाही, मग थांबतो आणि विचारतो, आता तूच सांग, दोष कुणाचा? राजाजवळ जेवढा पुरावा आहे तेवढाच ऐकणाऱ्याजवळ आहे. नॉक्स ज्याची राखण करत होता ते हेच. भुताला बाहेर ठेवून ते साधतं असं मात्र नाही.

आणि शेवटची कथा बघ. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात, एक जोडी मोठी, एक लहान. दोघं ठरवून टाकतात की मोठ्या पावलांची असेल तिच्याशी बापानं लग्न करायचं, लहान पावलांची असेल तिच्याशी मुलानं. गाठ पडते तेव्हा कळतं की त्या मायलेकी आहेत, आणि मोठी पावलं लेकीची आहेत. शब्द दिलेला असतो. बाप लेकीशी लग्न करतो, मुलगा आईशी. आता त्यांना होणाऱ्या मुलांचं आपापसात नातं काय? या प्रश्नावर विक्रमाला उत्तर सुचत नाही, तो खरोखरच गप्प चालत राहतो, आणि म्हणूनच वेताळ प्रसन्न होतो. गुप्तहेरकथेची सुरुवात एडगर अ‍ॅलन पोच्या १८४१ च्या कथेपासून मानतात. ठशांवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष, आणि तो दोन पिढ्यांनी निस्तरायचा, हे सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून कथासरित्सागरात लिहून ठेवलं आहे. ही कथा मी या वेळी वाचून झाल्यावर पुस्तक मिटवून बराच वेळ तशीच बसले. उत्तर नसलेलं कोडं आहे, आणि तरी मला रिकामं वाटलं नाही.

त्यानंतर लगेच डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची १९०२ ची माकडाच्या पंजाची कथा काढली. तीन इच्छा पुऱ्या करणारा वाळका पंजा, हिंदुस्थानातल्या फकिरानं मंतरलेला. घराचं देणं फेडायला म्हातारा दोनशे पौंड मागतो. कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण मी या वेळी एकाच जागेवर अडकले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी एक अनोळखी माणूस घुटमळतो. आत येऊ की नको असं तीनदा होतं. म्हातारीच्या डोक्यात रात्रीचे दोनशे पौंड घोळत आहेत, म्हणून तिला दिसते ती त्याची कोरी चकचकीत रेशमी हॅट. आणि तो आत यायच्या आधी ती घाईनं अंगावरचा एप्रन सोडून खुर्चीच्या उशीखाली सारते.

आपल्याकडे दारात पाहुणा आला की कुठलीही बाई हेच करते. खांद्यावरचा ओला टॉवेल कुठंतरी कोंबते, पदर सारखा करते. त्या एका हालचालीत तिला वाटणारी सगळी आशा आहे. तो माणूस सांगायला आलेला असतो की तिचा मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून गेला, कंपनी जबाबदारी घेत नाही, पण त्याच्या नोकरीची जाण ठेवून काही रक्कम देऊ करते. रक्कम दोनशे पौंड. इथं किंमत शब्दशः सांगितली आहे, आकड्यात. आणि तरी माझ्या लक्षात आकडा राहत नाही, उशीखालचा एप्रन राहतो. दुसऱ्या इच्छेत मुलगा परत मागितला जातो, आणि रात्री दार वाजू लागतं. तिसरी इच्छा काय होती हे जेकब्स लिहीतच नाही. दार ठोठावणं थांबतं, दार उघडतं, रस्ता मोकळा असतो. दाराबाहेर कोण होतं याचं उत्तर कुणालाच मिळत नाही. ही अद्भुतकथा आहे की रहस्यकथा, हे ठरवण्यात मला रस उरला नाही.

चेस्टरटनच्या फादर ब्राउनची अदृश्य माणसाची कथा १९११ च्या संग्रहात आहे. इमारतीवर चौघांना पहारा द्यायला सांगितलेलं असतं. चौघंही छातीठोक सांगतात, कुणी आलं नाही. बाहेर बर्फात पावलं उमटलेली असतात, आतला माणूस नाहीसा झालेला असतो. आलेला असतो पोस्टमन, आणि प्रेत गेलं त्याच्याच पोत्यातून. त्याला बघूनही कुणी बघितलेलं नसतं. कथा वाचून मी गंगावेशीत गेले होते, कट्ट्यावर. म्हशी उभ्या असतात, गवळी धार काढतो, फेसाळलेला ग्लास हातात येतो, आपण पिऊन निघतो. घरी आल्यावर आठवायचा प्रयत्न केला: ज्यानं ग्लास दिला त्याच्या अंगात सदरा कुठल्या रंगाचा होता? म्हैस आठवली. माणूस आठवला नाही. इतकी वर्षं मी तिथं जाते. उत्तर कळल्यावर ही कथा संपली नाही, कारण पहारेकरी चार नव्हते, मी पाचवी होते. कळण्याची किंमत इथं वाचणारा देतो.

याच्या उलट शेरलॉक होम्सच्या ठिपक्यांच्या पट्ट्याच्या कथेबद्दल माझं मन आता बदललं आहे. १८९२ ची कथा. सावत्र बाप भिंतीतल्या झरोक्यातून घंटेच्या दोरीवर विषारी साप सोडतो, दुधाच्या आमिषानं आणि शिट्टीनं त्याला परत बोलावतो. बत्तीस शिराळा आपल्यापासून काही लांब नाही. सर्पमित्रांचं एखादं व्याख्यान जरी ऐकलं असेल तरी माहीत असतं की दूध हे सापाचं अन्न नाही, आणि त्याला बाहेरचे कान नसतात. पण मला ते खटकत नाही. कथेनं सांगितलं की हा साप असाच आहे, आपण मान्य करायचं. वेताळाचं नाही का केलं? मला खटकतो शेवट. होम्स छडी मारून साप परत पिटाळतो, तो उलटून मालकालाच चावतो, आणि होम्स म्हणतो की या मरणाला मी आडून जबाबदार आहे खरा, पण त्याचा माझ्या मनावर फारसा भार राहील असं वाटत नाही. शाळेत असताना मी या वाक्यावर खूश झाले होते. आता वाटतं, माणूस मेला, तुझ्या छडीमुळे मेला, आणि तू रिकाम्या हातानं गाडी पकडून लंडनला निघालास. माणूस वाईट होता हे मान्य. पण तुला रिकामं वाटतं म्हणालीस ना, ते इथं वाटायला हवं. कोडं इतकं सुबक सुटतं की कुणाला काहीच द्यावं लागत नाही.

बाबूराव अर्नाळकरांबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी एवढं सांगते की हा हिशेब त्यांना लावू नकोस. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांकडे लोक उत्तरासाठी जात नव्हते, सोबतीसाठी जात होते. तो वेगळा आनंद आहे आणि मला तो अजून प्रिय आहे.

एच. जी. वेल्सची भिंतीतल्या दाराची कथा १९०६ ची. पांढऱ्या भिंतीतलं हिरवं दार, लहानपणी एकदाच आत गेलेला मुलगा, आतली बाग, माणसाळलेले दोन बिबटे. पुढे आयुष्यात ते दार त्याला पुन्हा पुन्हा दिसतं, आणि प्रत्येक वेळी तो घाईत असतो. शाळा, शिष्यवृत्ती, राजकारण. शेवटी तो मरून सापडतो, रेल्वेच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात. रात्री कुंपणातल्या लहान दारातून आत शिरलेला. ते दार खरं होतं की त्याच्या मनातलं, हे वेल्स सांगत नाही. मी ही कथा पोटमाळ्यावर बसून वाचली. खाली उतरले तर पाऊस थांबला होता, म्हणून घरी जाताना बिंदू चौकातून वळसा घेतला. तिथं जुन्या कोटाची भिंत अजून उभी आहे. बाकी गावाला वेशी होत्या, त्यांची आता नावं उरली आहेत. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस. रिक्षावाल्याला आपण रोज म्हणतो, “गंगावेशीत सोडा.” दार नाही, दाराचं नाव आहे, आणि आपण त्यातून ये-जा करतो. अशी कथा कोल्हापुरात कुणी लिहायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तू लिहिलीस तर पहिली मला दाखव.

मराठीत या वाटेनं सगळ्यात लांब गेले ते जी. ए. कुलकर्णी. त्यांची ‘स्वामी’ वाच, पण रात्री वाचू नकोस. एका प्रवाशाला आदरानं मठात नेतात, मान देतात, आणि तोच मान त्याच्यावर कायमचा बंद होतो. तिथं एक वेल आहे, उजेडाकडे जाणारी. मी एवढंच सांगते.

आता तुझ्या अकरा पानांकडे येते. तुझी वस्तू उत्तम आहे. साज या गावचा आहे, त्यातली पानं मोजता येतात, म्हणजे तुझ्याकडे बंधाऱ्यासारखा आकडा तयारच आहे. किती पानं उरली, हे वाचक स्वतः मोजत बसेल. पण तुझ्या मसुद्यात चार पानं गळतात आणि कुणाचं काहीच जात नाही. थोरला भाऊ जमिनीच्या मोजणीबद्दल खोटं बोलतो, पान गळतं, आई ते बघते, आणि पुढच्या परिच्छेदात सगळे जेवायला बसतात. जेवायला बसू देत, पण त्या ताटांवर काहीतरी कमी असू दे. ज्यानं खोटं बोललं त्याचं न जाता दुसऱ्याच कुणाचं गेलं तर बघ काय होतं. कदाचित प्रत्येक पानाबरोबर आईला एकेक जुनी गोष्ट आठवेनाशी होते. हे मी सुचवते, तू तुझं ठरव.

पहिली दोन पानं काढून टाक. त्यात पाऊस आहे, वाड्याचं वर्णन आहे आणि आजीचा स्वभाव आहे. निवडीसाठी येणाऱ्या दहांतल्या सहा गूढकथा पावसानं आणि वाड्यानं सुरू होतात.

सातव्या पानावर मात्र एक जागा आहे, ती मी तीनदा वाचली. आई साज घेऊन गुजरीत सोनाराकडे जाते. सोनार काटा शून्यावर आणतो, साज ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो आणि काही बोलत नाही. तू हे कुठूनतरी जवळून बघितलेलं आहेस, ते कळतं. साज आतून लाखेनं भरलेला असतो, त्यामुळे दिसायला भरघोस आणि वजनाला बेताचा असतो, हे त्याला माहीत असणार. तरीही लग्नातल्या पावतीवरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नाही म्हटल्यावर तो पहिल्यांदा स्वतःच्या काट्यावर संशय घेईल, मग आईवर. त्याला पितळेचं वजन ठेवून काटा तपासू दे. तुझं रहस्य आणि तुझं अद्भुत दोन्ही त्या तबकडीवर शेजारी शेजारी पडलेले आहेत, आणि तू त्यांना सातव्या पानावर ठेवलंस.

तो प्रसंग उचलून पहिल्या पानावर आण. साज अजून काट्यावरच असताना सोनाराला विचारू दे, “ताई, पानं कुठं गेली?” आणि आईनं म्हणावं, “पडली असतील कुठंतरी, मी काय बघितलं नाही.” ती हे बोलताक्षणी काट्यावरचा आकडा दोघांच्या डोळ्यांदेखत आणखी खाली जाऊ दे.